कॉलेजच्या वाय-फायसाठी सही केलेला तो कागद वाचलाय का?

कॉलेज-विद्यापीठांचे प्रवेश सुरू झाले की दाखले, फोटो आणि फीच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात आणखी एक कागद येतो. ‘संगणक आणि नेटवर्क वापराचे नियम मला मान्य आहेत’ अशा अर्थाचं त्यावर लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी तो इंग्रजीत असतो, अक्षर बारीक असतं आणि मागं रांग लागलेली असते. मुलं सही करतात, पालकही करतात आणि कागद फाइलीत जातो. काही ठिकाणी कागदही नसतो. वाय-फायला पहिल्यांदा जोडताना मोबाइलवर एक चौकोन येतो, त्यात टिक केली की झालं.

या सहीचा पुढं काय अर्थ लागतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. आपल्याकडची मुलं शिकायला कुठं कुठं जातात बघा. गोव्यातला मुलगा बेळगावात इंजिनिअरिंगला, बेळगावची मुलगी कोल्हापूरला एमएस्सीला, निपाणीचा पुण्याला, इंदूरचा वडोदऱ्याला. राज्य बदललं की कचेरीची भाषा बदलते, शिष्यवृत्तीचे नियम बदलतात. पण या कागदामागचा कायदा सगळीकडे एकच आहे, केंद्राचा माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. म्हणून हा विषय सगळ्यांसाठी एकदाच समजून घेऊ.

सगळा खेळ ‘परवानगी’ या शब्दाचा

या कायद्याचं कलम ४३ वाचलं तर त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मालकाच्या किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं, त्यातली माहिती उतरवून घेणं, व्हायरस सोडणं, नेटवर्क बंद पाडणं, दुसऱ्याला ते वापरता येऊ नये असं काही करणं, या सगळ्यांत नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. हेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं तर कलम ६६ लागतं. मग तो गुन्हा होतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता प्रश्न असा, की तुम्हाला परवानगी नेमकी कशाची होती? ते कायद्यात लिहिलेलं नाही. ते लिहिलेलं असतं तुम्ही सही केलेल्या त्या कागदावर. प्रयोगशाळेतला संगणक अभ्यासासाठी वापरायची परवानगी आहे, पण त्यात स्वतःचं सॉफ्टवेअर टाकायची आहे का? वसतिगृहात स्वतःचा राउटर जोडायची आहे का? उत्तर त्या कागदात आहे. म्हणजे तो कागद नुसती औपचारिकता नाही. उद्या वाद झालाच, तर पहिल्यांदा तोच काढून टेबलावर ठेवला जातो.

तुम्ही कोण, हे नेटवर्कला कसं कळतं?

‘एवढ्या मुलांत मला कोण ओळखणार?’ असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात ओळखणं अवघड नसतं.

तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकून वाय-फायला जोडता, तेव्हा यंत्रणा तीन गोष्टी एकत्र नोंदवते: कुठलं लॉगिन, कुठलं उपकरण आणि किती वाजता. त्या वेळेपुरता तुमच्या उपकरणाला कॅम्पसमधला एक पत्ता मिळतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. बाहेरच्या जगाला मात्र हजारो मुलांचे हजारो पत्ते दिसत नाहीत, संस्थेचे एक-दोनच दिसतात. मोठ्या वाड्याला अनेक खोल्या असाव्यात आणि पोस्टमनला एकच दरवाजा ठाऊक असावा, तसं. बाहेरून तक्रार आली की ती त्या दरवाजावर येते. मग संस्था आतली नोंदवही उघडते आणि त्या वेळी त्या खोलीत कोण होतं ते शोधते.

या नोंदी किती दिवस ठेवायच्या, यावरही नियम आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे सरकारी संस्था, कंपन्या, डेटा सेंटर आणि सेवा पुरवठादार यांनी नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. म्हणजे ‘दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट, आता कोण बघतंय’ हे चालत नाही.

दुसऱ्या बाजूनं, संस्थेला सगळंच दिसतं असंही नाही. ज्या साइटच्या पत्त्याआधी कुलपाचं चिन्ह असतं, तिथं तुम्ही कुठल्या साइटवर गेलात एवढं सहसा कळतं. आत काय वाचलंत, काय लिहिलंत ते कळत नाही. मात्र संस्थेनं तुमच्या लॅपटॉपमध्ये स्वतःचं सुरक्षा प्रमाणपत्र घालायला लावलं असेल तर आतलंही दिसू शकतं. म्हणून असं काही घालायला सांगितलं, तर ते कशासाठी आहे हे जरूर विचारा.

पासवर्ड मित्राला दिला तर

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती इथं. समजा, तुमच्या रूममेटचं लॉगिन बंद पडलं. त्यानं तुमचं मागितलं, तुम्ही दिलं. त्यानं ते आणखी दोघांना दिलं. त्यातल्या एकानं एका मुलीच्या नावानं खोटं खातं उघडलं. पोलिसांत तक्रार गेली, संस्थेकडं विचारणा झाली. नोंदवहीत नाव कुणाचं निघणार? तुमचं.

लगेच तुम्ही गुन्हेगार ठरता असं नाही. पण चौकशीला पहिल्यांदा बोलावणं तुम्हाला येतं आणि ‘ते मी नव्हेच’ हे पटवून द्यायची धडपडही तुम्हालाच करावी लागते. शिवाय पासवर्ड न देण्याचा नियम मोडल्याबद्दल संस्थेची कारवाई वेगळी. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीनं किंवा अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

कोरा धनादेश सही करून कुणी कुणाला देत नाही. लॉगिन देणं तसंच आहे. मित्राला मदत करायचीच असेल तर त्याच्याबरोबर संगणक विभागात जा, त्याचं लॉगिन सुरू करून घ्या.

जर्नलं फुकट नसतात

विद्यापीठाच्या नेटवर्कवरून संशोधनाची नियतकालिकं उघडतात, घरून उघडत नाहीत. कारण त्यांचे पैसे कुणीतरी भरलेले असतात. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं आणि केंद्र-राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था. ही व्यवस्था गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र बघतं.

प्रकाशकांची अट साधी असते: लागेल तेवढा लेख उतरवा, वाचा, टिपणं काढा. पण प्रोग्रॅम लावून अख्खं नियतकालिक उपसू नका आणि बाहेरच्यांना वाटू नका. अशी उपसणी झाली की प्रकाशकाची यंत्रणा ती ओळखते आणि अनेकदा त्या एका मुलाला नव्हे, संस्थेच्या दरवाजालाच कुलूप घालते. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

हे खरंच घडलेलं आहे. अमेरिकेत आरॉन स्वार्ट्झ या तरुण प्रोग्रॅमरनं २०१०च्या सप्टेंबरपासून एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोर या संग्रहातले लाखो लेख उतरवले. ऑक्टोबरमध्ये जेस्टोरनं काही दिवस संपूर्ण एमआयटीचाच प्रवेश बंद केला. जानेवारी २०११ मध्ये त्याला अटक झाली. जेस्टोरनं त्याच्याशी समझोता केला, पण सरकारी वकिलांनी गंभीर कलमांखाली खटला चालू ठेवला. सुनावणी उभी राहण्याआधीच, ११ जानेवारी २०१३ रोजी, २६ वर्षांच्या स्वार्ट्झनं जीवन संपवलं. ज्ञान सगळ्यांना खुलं असावं ही त्याची भूमिका आजही अनेकांना पटते आणि त्याच्यावर लावलेली कलमं अतिरेकी होती असंही अनेकजण म्हणतात. पण नियम मोडल्यावर प्रकरण आपल्या हातात राहत नाही, हेही त्यातूनच दिसतं.

भारतात विद्यार्थ्यांना कायद्यानं दिलेली मोकळीकही आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी रास्त प्रमाणात प्रत काढायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये, शिकवण्याच्या कामासाठी पुस्तकांतल्या भागांच्या प्रती काढण्याच्या बाजूनं निकाल दिला. त्यामुळं घाबरून अभ्यास थांबवायचं कारण नाही.

‘मी फक्त बघत होतो’

कॉम्प्युटरच्या मुलांना हा मोह हमखास होतो. निकालाच्या पोर्टलला फट दिसते आणि ‘आत जाता येतं का’ एवढंच बघायचं असतं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं असाच एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. नुकसान करायचा त्याचा हेतू नव्हता असं तो म्हणाला. पण प्रोग्रॅम स्वतःच्या प्रती काढत सुटला आणि त्या काळचे हजारो संगणक ठप्प झाले. त्याला तीन वर्षांची देखरेखीखालची मोकळीक, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली.

फट दिसली तर आत शिरू नका. जे दिसलं त्याचा फोटो घ्या, संगणक विभागाला आणि विभागप्रमुखांना लेखी कळवा, पोच घ्या. तीच गोष्ट कळवली तर मदत ठरते, लपून तपासली तर घुसखोरी.

वाट एकच, चालणारे दोन हजार

टोरेंट, मोठे गेम, दिवसभर व्हिडिओ यांवर बंदी का, याचं गणित सोपं आहे. समजा, संस्थेकडं १ जीबीपीएसची लाइन आहे. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. म्हणजे दोनशे जणांनी एकाच वेळी व्हिडिओ लावले की वाट भरली. उरलेल्या अठराशे जणांचा परीक्षेचा फॉर्म गोल गोल फिरत राहतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार व्हायचं, तर भोगतं कोण? फॉर्मची शेवटची तारीख असलेला शेजारचा मुलगा.

टोरेंटची आणखी एक गोम आहे. ते उतरवता उतरवता दुसऱ्यांना वाटतही असतं. म्हणजे सिनेमा नुसता बघितला असं न राहता, संस्थेच्या पत्त्यावरून तो वाटलाही जातो.

व्हीपीएनबद्दल नेहमी विचारलं जातं. देशात ते वापरण्यावर सरसकट बंदी नाही. पण संस्थेच्या नियमात मनाई असेल तर तिच्या नेटवर्कवर ते चालणार नाही.

पोस्ट, स्टेटस आणि सीमाभाग

संस्थेच्या नेटवर्कवरून राजकीय प्रचार किंवा धंदा करू नये, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. स्वतःच्या मोबाइल डेटावर तो लागू नाही, पण देशाचा कायदा लागू असतोच. ‘त्रासदायक’ पोस्टसाठी अटक करता येणारं कलम ६६ए सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. म्हणजे मत मांडणं, टीका करणं हा गुन्हा नाही. मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये धर्म, जात, जन्मस्थान यांच्याबरोबर ‘भाषा’ हा शब्दही आहे. भाषेवरून दोन समाजांत वैर वाढवणाऱ्या मजकुराला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्या भागात भाषेचा विषय तापला की फॉरवर्ड धडाधड येतात. आपल्या भाषेच्या हक्कासाठी बोलणं वेगळं आणि शेजारच्या भाषेच्या माणसाला शिव्या देणारा व्हिडिओ पुढं ढकलणं वेगळं.

संस्थेलाही मर्यादा आहेत

नियम दोन्ही बाजूंना असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयानं, कोळिकोडच्या एका कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलीच्या बाजूनं निकाल दिला. संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल जमा करायला नकार दिल्यामुळं तिला वसतिगृहातून काढलं होतं. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं.

त्यामुळं कारवाई झालीच तर लेखी कारण मागा, कुठल्या नोंदीवरून ती झाली ते विचारा, बाजू मांडायची संधी मागा. सरकारी विद्यापीठ असेल तर वापराच्या नियमांची प्रत माहिती अधिकारातही मिळते.

एवढं करा

• सही करण्याआधी कागदाचा फोटो काढा. इंग्रजी जड वाटलं तर कुणाकडून तरी समजून घ्या.

• पासवर्ड कुणालाही देऊ नका. दिला असेल तर आजच बदला.

• लॅबमधून किंवा सायबर कॅफेतून उठताना लॉगआउट करा.

• लॉगिनचा गैरवापर झाल्याची शंका आली तर त्याच दिवशी संगणक विभागाला लेखी कळवा. कळवल्याची तारीख पुढं उपयोगी पडते.

• पैशांची फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा.

• दुसऱ्या विद्यापीठात गेलात आणि एड्युरोमवर स्वतःच्या लॉगिननं जोडलात, तर तिथले नियमही तुम्हाला लागू होतात.

बँकेचा कागद पालक दोनदा वाचून सही करतात. कॉलेजच्या नेटवर्कचा कागदही तसाच, दहा मिनिटं बसून, मुलांसोबत वाचला पाहिजे.