काउरा : युद्धाच्या भूमीवर फुललेले उद्यान

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीपासून सुमारे तीनशे किलोमीटर पश्चिमेस, लॉक्लन नदीच्या काठी काउरा हे शेतीप्रधान गाव वसले आहे. लोकवस्ती जेमतेम दहा हजारांच्या आसपास. असे असूनही देशोदेशींचे प्रवासी येथे आवर्जून येतात. एका रक्तरंजित घटनेच्या स्मृतीतून या गावाने सलोख्याची परंपरा कशी निर्माण केली, हे त्यांना येथे पाहावयास मिळते.

छावणीतील उठाव

दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली, काउरानजीक युद्धकैद्यांची मोठी छावणी उभारण्यात आली. तीत इटालियन, जपानी, कोरियन आदी कैदी होते. 1944 च्या ऑगस्टमध्ये जपानी कैद्यांची संख्या अकराशेवर गेली होती. शत्रूच्या हाती जिवंत सापडणे हा कलंक होय, ही शिकवण जपानी सैनिकांच्या मनावर खोल बिंबलेली होती. घरच्यांची मान खाली जाऊ नये म्हणून अनेकांनी आपली खरी नावेही सांगितली नव्हती.

साध्या सैनिकांना त्यांच्या वरिष्ठांपासून वेगळे करून दुसऱ्या छावणीत हलविण्यात येणार असल्याचे 4 ऑगस्ट रोजी कैद्यांना कळविण्यात आले. त्याच रात्री उठावाचा निर्णय झाला. 5 ऑगस्टच्या पहाटे दोनच्या सुमारास बिगूल वाजताच सुऱ्या व सोटे घेतलेले कैदी काटेरी कुंपणावर तुटून पडले. तारांवर त्यांनी घोंगड्या टाकल्या व राहत्या बराकी पेटवून दिल्या. साडेतीनशेहून अधिक कैदी बाहेर पडले. परंतु सुमारे दहा दिवसांत सर्वांचा शोध लागला. या घटनेत 231 जपानी व 4 ऑस्ट्रेलियन सैनिक मृत्युमुखी पडले. मशीनगनवर प्राणपणाने लढलेल्या बेन हार्डी व राल्फ जोन्स या पहारेकऱ्यांना 1950 साली मरणोत्तर ‘जॉर्ज क्रॉस’ प्रदान करण्यात आला. विशेष म्हणजे पळालेल्या कैद्यांनी एकाही नागरिकाला इजा केली नाही. एका शेतकरी गृहिणीने तर दारी आलेल्या भुकेल्या कैद्यांना चहा व खाद्यपदार्थ दिले.

थडग्यांची निगा

मृत जपानी सैनिकांना ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या स्मशानभूमीलगतच मूठमाती देण्यात आली. युद्ध संपले, तरी मनातील कटुता संपली नव्हती. जपान्यांच्या कैदेतील हालअपेष्टांच्या कहाण्या घरोघरी ताज्या होत्या. अशा काळात गावातील माजी सैनिकांनी आपल्या साथीदारांच्या थडग्यांबरोबर जपानी थडग्यांचेही गवत काढण्यास प्रारंभ केला. ज्यांनी युद्ध स्वतः अनुभवले होते, त्यांनीच हे पहिले पाऊल उचलावे, यातच या कार्याचे मोल आहे. पुढे ऑस्ट्रेलियात मरण पावलेल्या इतर जपानी सैनिकांचे अवशेषही येथे आणण्यात आले आणि 1964 साली जपानी युद्ध स्मशानभूमीचे विधिवत उद्घाटन झाले. आज तेथे पाचशेहून अधिक थडगी आहेत.

उद्यान आणि साकुरा मार्ग

याच संबंधांतून जपानी उद्यानाची कल्पना साकार झाली. प्रसिद्ध उद्यानरचनाकार केन नाकाजिमा यांनी आखलेल्या या उद्यानाचा पहिला टप्पा 1979 साली, तर दुसरा 1986 साली पूर्ण झाला. सुमारे पाच हेक्टरांचे हे उद्यान पायवाटांनी फिरत पाहावयाच्या जुन्या जपानी पद्धतीचे आहे. टेकडीवरील खडक म्हणजे पर्वत, खळाळणारे प्रवाह म्हणजे नद्या आणि पायथ्याचे तळे म्हणजे सागर, अशी जपानच्या निसर्गाची प्रतिमा येथे उभी केली आहे. उद्यान, छावणीची जागा व स्मशानभूमी यांना चेरी वृक्षांचा ‘साकुरा मार्ग’ जोडतो. छावणीच्या जागी आता इमारतींचे पायथे तेवढे दिसतात. सप्टेंबरमध्ये, म्हणजे तेथील वसंतात, वृक्ष बहरतात तेव्हा साकुरा उत्सव भरतो. 1992 साली या गावाला जागतिक शांतता घंटेचा मानही लाभला. असा मान सहसा राष्ट्राच्या राजधानीला मिळतो.

काउराचे वैभव एखाद्या भव्य वास्तूमुळे आलेले नाही. थडग्यांवरील गवत काढण्याच्या साध्या कामातून त्याची सुरुवात झाली आणि पुढील पिढ्यांनी ते काम निष्ठेने चालू ठेवले. गावाच्या इतिहासातील दुःखद पान झाकून न ठेवता त्याची जपणूक केली, तर तेच लोकशिक्षणाचे साधन व गावाच्या प्रतिष्ठेचे कारण ठरू शकते, हे काउराने दाखवून दिले आहे.