शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खूशच असतो का?

पुण्यात कुत्र्यांच्या डे-केअरमध्ये काम करते. काल नव्या लॅब्रेडॉरला सोडायला आलेल्या काकू म्हणाल्या, “शेपूट हलवतोय बघ, लगेच रमला!” तो रमला नव्हता.

शेपूट उंच, ताठ आणि भरभर थरथरत असेल तर कुत्रा बहुधा ताणात असतो. खूश कुत्र्याचं अंग सैल असतं, शेपटाबरोबर कंबरही हलते. २००७ साली इटलीतल्या संशोधकांना दिसलं, की मालक समोर आला की शेपूट उजवीकडे जास्त झुकतं आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे.

मी मात्र आधी तोंड बघते. खाणं समोर नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं. यातून ‘जरा लांब राहा’ असं कुत्रा सांगत असतो. हे मला इथल्या सीनियर ताईंनी कुत्र्यांमध्ये उभं करून शिकवलं.

तरीही कुणी ऐकलं नाही, की तो गुरगुरतो. त्यासाठी त्याला कधीही ओरडू नका! गुरगुरणं दाबलेला कुत्रा पुढच्या वेळी इशारा न देता चावू शकतो.

तुमचा कुत्रा पाहुणे आल्यावर काय करतो? कमेंटमध्ये लिहा, जमेल तेवढं नक्की सांगेन.