अभिरूप अरब लीग : ठरावाची भाषा आणि राजनयाचे शिक्षण



भाषेद्वारे आपण केवळ माहिती देत नाही, तर कृतीही करतो, हा जे. एल. ऑस्टिन यांचा विचार महत्त्वाचा आहे. ‘मी निषेध करतो’ असे म्हणणे हेच निषेध करणे होय. अशा भाषिक कृतींना राजनयात, म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधील वाटाघाटींच्या व्यवहारात, किती वजन असते हे ‘अभिरूप अरब लीग’ या शैक्षणिक उपक्रमाच्या आधारे समजून घेऊ.

आपल्याकडील अभिरूप युवा संसदेत विद्यार्थी खासदारांची भूमिका घेतात. त्याच धर्तीवर अमेरिकेतील अनेक विद्यापीठांचे विद्यार्थी या उपक्रमात अरब देशांचे प्रतिनिधी होतात. प्रत्येक चमूला एक देश नेमून दिला जातो. त्याचा इतिहास, अर्थकारण आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध अभ्यासून विद्यार्थी निरनिराळ्या समित्यांत भाषणे करतात, ठरावांचे मसुदे लिहितात व मतदान करतात. मात्र मत स्वतःचे नव्हे, तर वाट्याला आलेल्या देशाचे मांडावे लागते.

मूळ अरब लीग २२ मार्च १९४५ रोजी कैरो येथे स्थापन झाली. आज तिचे २२ सदस्य आहेत. तिच्या मूळ सनदेच्या सातव्या कलमानुसार एकमताने झालेला निर्णय सर्वांवर बंधनकारक होता. बहुमताने झालेला निर्णय मात्र तो स्वीकारणाऱ्या देशांपुरताच. म्हणजेच मते जिंकली तरी काम संपत नाही. विरोधकालाही मान्य होईल असा शब्द शोधावा लागतो.

एक उदाहरण पाहू. इथिओपियाने नाईल नदीवर बांधलेल्या मोठ्या धरणाच्या प्रश्नावर मार्च २०२० मध्ये लीगने इजिप्तला पाठिंबा देणारा ठराव केला. सुदानने त्याला मान्यता दिली नाही. सुदानही नाईलच्या पाण्यावर अवलंबून आहे. परंतु धरणामुळे पूरनियंत्रण होईल आणि वीज मिळेल ही अपेक्षाही त्याला होती. शिवाय इथिओपिया त्याचा शेजारी आहे.

आता समितीत सुदानची भूमिका करणाऱ्या विद्यार्थिनीची कल्पना करा. इजिप्तच्या मसुद्यात ‘निषेध करते’ असे क्रियापद असेल, तर तिला ते स्वीकारणे कठीण जाईल. ‘चिंता व्यक्त करते’ चालू शकेल. ‘वाटाघाटी सुरू ठेवण्याचे आवाहन करते’ कदाचित दोघांनाही चालेल. विषय तोच, कर्ता तोच. केवळ क्रियापद बदलल्याने कृतीची तीव्रता बदलते आणि एकमताची वाट मोकळी होते.

या उपक्रमाला मर्यादाही आहेत. अरबी ही लीगची भाषा; हे विद्यार्थी बहुधा इंग्रजीत बोलतात, त्यामुळे मूळ शब्दांच्या छटा त्यांच्या हाती येतीलच असे नाही. शिवाय सभागृहातील पराभवाची किंमत त्यांना मोजावी लागत नाही. खऱ्या ठरावामागे शेतकऱ्यांचे पाणी असते. तरीही, ज्याच्याशी आपण सहमत नाही त्याचे म्हणणे त्याच्या बाजूने, त्यालाही पटेल अशा शब्दांत मांडता येणे, ही येथे मिळणारी शिकवण मोलाची आहे.

स्वाध्याय : आपल्या गावातील पाणीवाटपाच्या एखाद्या वादावर एक ठराव लिहा. त्यातील मुख्य क्रियापद तीन वेळा बदला आणि प्रत्येक वेळी कोणता पक्ष सही करील व कोणता करणार नाही, ते सकारण नोंदवा.