भिंतीपलीकडचा हुंदका : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिंतीपलीकडून भांड्यांची आदळआपट आणि पाठोपाठ दाबलेला हुंदका ऐकू आला, की आपल्या चाळींत आणि वाड्यांत हलकेच खिडकी लावून घेण्याची रीत आहे. आणि या रीतीमागे जे समज दडलेले असतात, ते कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात येऊन इतका काळ लोटला तरी महाराष्ट्रात पुरते ओसरलेले नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील सुमारे एक चतुर्थांश विवाहित स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले आहे.

गैरसमज : हात उगारला तरच ती हिंसा.

वस्तुस्थिती : या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने भरावयाच्या घटना-अहवालाचा नमुना नुसता नजरेखालून घातला तरी हा समज टिकत नाही, कारण त्यात मारहाणीबरोबरच लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळाची नोंद घ्यावयाची असून, मुलगा झाला नाही म्हणून दिलेले टोमणे, हुंड्यावरून केलेली मानखंडना, औषधपाण्याला पैसे न देणे, नोकरीस मज्जाव करणे, अशा ज्या गोष्टी आपण ‘घरगुती कुरबुरी’ म्हणून सोडून देतो, त्यांचा तेथे एकेक करून उल्लेख आहे.

गैरसमज : अर्ज केला की नवऱ्याला बेड्या पडतात आणि संसार मोडतो.

वस्तुस्थिती : अर्ज दंडाधिकाऱ्यापुढे होत असला तरी त्यात मागावयाची दाद, म्हणजे मनाई हुकूम, निवारा, निर्वाहाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, ही मुख्यतः दिवाणी स्वरूपाची असते, आणि त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत नेमावी व अर्ज साठ दिवसांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, हा प्रसंग या कायद्याखाली येतो तो संरक्षणाचा हुकूम मोडल्यावर.

गैरसमज : घर सासऱ्याच्या नावावर, तेथे सुनेचा हक्क कसला?

वस्तुस्थिती : हा हक्क मालकीचा नव्हे, राहण्याचा आहे, आणि तो खरेदीखतावरील नावावर अवलंबून नाही, सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही सामायिक निवास ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. शिवाय या संरक्षणाची छाया केवळ पत्नीपुरती नसून एकत्र राहणाऱ्या आई, बहीण, मुलगी आणि विधवा भावजय यांच्यावरही आहे.

गैरसमज : परक्याच्या घरात आपण पडू नये; उद्या आपल्यावरच बालंट यायचे.

वस्तुस्थिती : हिंसा घडली, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे वाटण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास खबर देऊ शकते, आणि सद्‌भावनेने दिलेल्या खबरीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. पोलिसांच्या दारात पीडितेची कैफियत ऐकून घेण्यास समाजकार्यकर्ती असावी, या विचाराने टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष उघडला, आणि पुढे असे कक्ष राज्यात अन्यत्रही झाले; १८१ हा महिला मदत क्रमांकही आहे.

सुरुवातीस उल्लेखिलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्त्याहत्तर जणींनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाजवळ शब्द काढला. त्यांच्या मौनाची कारणे अनेक असतील. परंतु खिडकी लावून घेणाऱ्या शेजाऱ्याला आपल्या मौनासाठी कायद्याच्या भीतीची सबब मात्र पुढे करता येणार नाही.