चाकाला तीनच नट

टाटा नॅनोच्या चाकाजवळ वाकून पाहा. नट तीनच, नेहमीचे चार नाहीत. साध्या मॉडेलला वायपर एक, बाहेरचा आरसाही एकच. पेट्रोल भरायचं तर पुढचं बॉनेट उघडायचं, स्टेपनीही तिथेच. मागचा दरवाजा उघडायचाच नाही. सामान ठेवायला मागची सीट पाडावी लागे. पण ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे नेल्यामुळे जेमतेम ३.१ मीटरच्या गाडीत चार मोठी माणसं ऐसपैस बसत. मी मागे बसलो होतो आणि गुडघे पुढच्या सीटला लागले नाहीत, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

ही करामत आपल्या पुणे-पिंपरीची. गिरीश वाघ यांच्या हाताखाली टाटा मोटर्सच्या सुमारे ५०० इंजिनिअरांनी एकेक सुटा भाग पारखला. पावसात स्कूटरवर भिजत जाणारं चौघांचं कुटुंब रतन टाटांनी पाहिलं होतं. अशा कुटुंबांना लाखात गाडी देण्याचा शब्द त्यांनी दिला होता. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत त्यांनी ती दाखवली आणि दिलेला शब्द पाळला.

नॅनोचा कारखाना उभा राहत होता पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला; तिथलं जमीन आंदोलन पुढे आणखी पेटलं. शेतकऱ्यांचा राग खोटा नव्हता. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनी तिथून निघाली, गुजरातमधल्या साणंदचा नवा कारखाना जून २०१० मध्ये सुरू झाला. मधल्या काळात गाड्या पंतनगरला बनल्या. २००९ मध्ये दोन लाखांवर बुकिंग आलं, पहिल्या लाखभर गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. मग काही गाड्यांनी पेट घेतला, लोक बिचकले.

तरी माझ्या मते खरा घात केला तो ‘सर्वांत स्वस्त’ या बिरुदाने. आपल्या घरात काटकसरीला मान आहे, स्वस्त म्हटलं की मात्र नाक मुरडतात. नव्या गाडीला हार घालायचा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, चाळीत पेढे वाटायचे; आणि ‘कोणती घेतली?’ म्हटल्यावर आवाज खाली आणायचा? आयुष्यातली पहिली गाडी कोणी असं सांगायला घेत नाही. हे बिरुद चुकलं, हे पुढे टाटांनीही मान्य केलं.

२०१४ मध्ये पॉवर स्टिअरिंग आलं, २०१५ मध्ये मागचा दरवाजा उघडू लागला. स्कूटरवरचं कुटुंब तोवर जुन्या मारुतीकडे वळलं होतं. वर्षाला अडीच लाख गाड्यांसाठी उभारलेल्या साणंदच्या कारखान्यात जून २०१८ च्या अख्ख्या महिन्यात एक नॅनो तयार झाली.