तिसऱ्या पाळीची झोप

विश्रांतीसाठी घरात एखादी निवांत जागा असावी, ही इच्छा घराइतकीच पुरातन असली पाहिजे. परंतु जिथे घर म्हणजे एकच खोली, त्या खोलीत सात माणसे, आणि ज्याला विश्रांती हवी त्याची निजण्याची वेळ म्हणजे उरलेल्या सहा जणांची वावरण्याची वेळ, तिथे ही निवांत जागा आणायची कोठून, हा प्रश्न मुंबईच्या गिरणगावातील असंख्य गृहिणींनी वर्षानुवर्षे रोज सकाळी नव्याने सोडवला. तो कसा सोडवला जाई, हे सत्तरच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत, नायगावच्या बी. डी. डी. चाळीतील मावशीच्या खोलीत राहून, मी अगदी जवळून पाहिले आहे. काका परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे विणकर, होते आणि त्यांना तिसरी पाळी होती. रात्री बाराच्या सुमारास साच्यावर उभे राहायचे आणि सकाळी सातच्या भोंग्याला सुटायचे.

आमचे बिऱ्हाड गिरगावात. आमच्या चाळीला लांबलचक लाकडी सज्जा होता, आणि संध्याकाळी समुद्राकडून वारा आला की आजोबा आपली आरामखुर्ची कठड्यापाशी ओढून डोळे मिटून बसत. निवांतपणा आमच्याकडे जणू वाऱ्याबरोबर आयता चालत येई, आणि म्हणूनच तो कोणी हातांनी घडवावा लागतो याची मला कल्पना नव्हती.

नायगावची इमारत निराळ्या घडणीची होती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, सरकारने मुंबईत विकास खाते (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बी. डी. डी.) स्थापन केले आणि कामगारवस्तीसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती व सुमारे १६,००० खोल्या उभ्या राहिल्या. त्या खर्चाच्या तरतुदीसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला होता; ज्या कापसाचे तंतू काका रोज सकाळी केसांत आणि भुवयांत माळून घरी आणीत, त्याच कापसाने त्यांच्या डोक्यावरचे छप्परही उभे केले होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, मधोमध बोळासारखा व्हरांडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दारे. एका टोकाला पडलेले भांडे दुसऱ्या टोकाला ऐकू जावे, असे ते काँक्रीट होते. खोली १६० चौरस फुटांची. एक दार, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी.

काका घरी पोहोचण्यापूर्वीच मावशीचे काम निम्म्याहून अधिक झालेले असे. जी कामे आवाज करतात ती सातच्या आत आणि जी करीत नाहीत ती सातनंतर, अशी तिने दिवसाची वाटणीच करून टाकली होती. पाट्यावरचे वाटण, धोपटण्याने कपडे बडवणे, पिंप भरणे, हे सारे भोंग्याच्या आत उरके. काका येत, मोरीत कढत पाण्याने आंघोळ करीत, भाकरी खाऊन चहा घेत. आणि तेवढ्या अर्ध्या तासात मावशी रात्र रचायला घेई. प्रथम केर, मग ओल्या फडक्याने फरशी, तीही पोटमाळ्याखालच्या कोपऱ्यात दोनदा, कारण भिंतीची उष्णता तिथे साचून राही. फरशी वाळली की चटई, चटईवर दोन गोधड्या. या गोधड्या तिच्या आईच्या जुन्या नऊवारी लुगड्यांच्या होत्या आणि इतक्या धुण्यांतून गेलेल्या, की तांबडा कोणता आणि हिरवा कोणता हे ओळखू येऊ नये; नव्या गोधडीची खळ अंगाला टोचते, म्हणून नवी शिवलेली गोधडी ती आधी दोन वर्षे आम्हा मुलांना वापरायला देई आणि मऊ झाल्यावरच काकांच्या अंथरुणाला लावी. माझ्या मते यापेक्षा नाजूक असे सन्मानाचे चिन्ह त्या खोलीत दुसरे नव्हते.

मग खिडकी. चौकटीच्या वरच्या अंगाला ठोकलेल्या दोन खिळ्यांना तिसरी, जाड गोधडी अडकवली जाई. मात्र खाली चार बोटे फट राखून, आणि त्या फटीत ओला पंचा, म्हणजे उजेड अडावा पण वारा अडू नये. दार उघडेच असे, त्यावर पडदा. हा पडदा वर खोचलेला असला की घर जागे, खाली सोडलेला असला की घर निजलेले, ही खूण साऱ्या मजल्याला ठाऊक होती; आणि रातपाळीची माणसे त्या मजल्यावर आणखीही असल्यामुळे, आज आपण गप्प राहिलो तर उद्या आपल्या माणसाला झोप मिळेल, असा एक अलिखित जाबता तिथे अंमलात होता. पडदा पडल्यावर व्हरांड्यातून चालणारी बाई पायांतली चप्पल हातात घेई.

खोलीतल्या आवाजांचा बंदोबस्त याहून सूक्ष्म होता. पंपाचा स्टो भरभर वाजतो, म्हणून मावशीने पैसे साठवून वातीचा स्टो आणला होता. त्यावर डाळ शिजायला उशीर लागे, पण तो मुका होता. ताटांखाली फडके. पिंपाची तोटी किंचित गळत असे आणि दुपारच्या शांततेत तो एकेक थेंब बादलीत घणासारखा पडे. तोटी दुरुस्त करणे दरवेळी परवडत नव्हते. तेव्हा तिने तोटीला एक चिंधी बांधून तिचे टोक बादलीच्या तळापर्यंत सोडले. थेंब चिंधीवरून निथळत, आवाज न करता खाली उतरू लागला. मी कितीतरी वेळ त्या चिंधीकडे पाहत बसल्याचे मला आठवते.

आणि आम्ही मुले? आम्हाला सकाळी इमारतींमधल्या मोकळ्या जागेत पिटाळले जाई; जेवायला आलो की बोलायचे ते ओठांनी, आवाज न करता. ही विद्या आम्हाला काकांनीच शिकवली होती. साचाखात्यात शेकडो साचे एकदम चालतात तेव्हा ओरडूनही काही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसे एकमेकांच्या ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून संभाषण करतात: धागा तुटला, जॉबर येतो आहे, तंबाखू दे. जी भाषा गिरणीच्या प्रचंड गोंगाटामुळे जन्मली, तीच त्या खोलीत शांतता राखण्याच्या कामी आली. ‘मीठ दे’, ‘पाणी हवं’, ‘तू आधी’ हे सारे आम्ही अंधारात मांडी घालून, ओठ हलवीत बोलत असू, आणि चार हातांवर काका भिंतीकडे तोंड करून संथ श्वास घेत निजलेले असत.

१९४८च्या कारखाना अधिनियमाने कामाचे तास आठवड्याला ४८ असे मुक्रर केले आणि स्त्रियांना रात्रीच्या कामाची मनाई केली. त्या कायद्याविषयी मला आदर आहे. पण रात्रभर राबलेल्या मनुष्याने दिवसा कोठे आणि कसे निजावे, याचे कलम कोणत्याही दफ्तरात नव्हते. ते कलम मावशी पाळीत होती, आणि तिच्या त्या पाळीची नोंद कोणत्याही हजेरीपटावर झाली नाही.

साडेतीनला जागे करण्याचीही पद्धत होती. हाक मारायची नाही. आधी पंचा काढायचा, मग गोधडीचे एक टोक खिळ्यावरून उतरवायचे, मग चहाचे आधण. उजेडाची तिरीप भिंतीवरून सरकत काकांच्या खांद्यापर्यंत आली की ते आपसूक उठत. उठल्यावर पडदा वर खोचला जाई आणि क्षणार्धात खोली पुन्हा सात माणसांची होई. संध्याकाळी रेडिओवर कामगार सभा लागे, तेव्हा अंथरुणाच्या जागी शेजारची चार माणसे बसलेली असत.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, परळ-लालबागची रात्र पहिल्यांदाच खरोखरीची रात्र झाली, आणि काका इतर माणसांसारखे दहा वाजता अंथरुणावर पडू लागले. पण झोप येत नसे. बाराच्या ठोक्याला ते उठून बसत, व्हरांड्याच्या टोकाशी जाऊन उभे राहत. तिथे त्यांच्यासारखीच आणखी दोन-तीन माणसे उभी असत. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी सहज नायगावला गेलो तेव्हा साडेआठ वाजले होते. दारावरचा पडदा खाली सोडलेला होता. मी चपला काढून हातात घेतल्या आणि आत डोकावलो. खिडकीवर गोधडी होती, काका भिंतीकडे तोंड करून निजले होते, आणि वातीच्या स्टोपाशी बसलेल्या मावशीने माझ्याकडे पाहून, आवाज न करता, ओठांनी विचारले, ‘चहा घेशील?’