मेंढ्यांमधील गोठविलेल्या भ्रूणांचे प्रत्यारोपण

मेंढ्यांमधील गोठविलेल्या भ्रूणांचे प्रत्यारोपण ही पशुपैदाशीतील एक साहाय्यक प्रजनन पद्धत आहे. तीमध्ये निवडक मेंढीच्या गर्भाशयातून काही दिवसांचे भ्रूण काढून ते द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानास साठविले जातात व पुढे सोयीच्या वेळी दुसऱ्या मेंढीच्या गर्भाशयात ठेवले जातात. जिच्यापासून भ्रूण मिळतात तिला दाता मेंढी व जी ते वाढविते तिला ग्राही मेंढी म्हणतात. कोकराला आनुवंशिक गुण दाता मेंढी व मेंढा यांच्याकडूनच मिळतात. ग्राही मेंढीच्या प्रकृतीचा व दुधाचा परिणाम कोकराच्या वजनावर होतो. परंतु तिचे जनुक त्याच्यात येत नाहीत.

पार्श्वभूमी

मेंढीचा गर्भकाळ सुमारे १४७ दिवसांचा असून एका वेतात तिला बहुधा एक किंवा दोनच कोकरे होतात. कृत्रिम रेतनामुळे एका उत्तम मेंढ्याची संतती मोठ्या संख्येने मिळविता येते. उत्तम मेंढीच्या बाबतीत मात्र नैसर्गिक प्रजननात तशी सोय नाही. ही उणीव भरून काढणे हा भ्रूण प्रत्यारोपणाचा मुख्य हेतू होय.

इतिहास

सस्तन प्राण्यातील पहिले यशस्वी भ्रूण प्रत्यारोपण वॉल्टर हीप यांनी १८९० साली इंग्लंडमध्ये सशांवर केले. मेंढ्यांमधील आरंभीचे यशस्वी प्रयोग १९३० च्या दशकात अमेरिकेतील टेक्सास येथे वॉरविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. गोठविण्याचे तंत्र उपलब्ध नसताना भ्रूण दूर नेणे कठीण होते. त्यावर उपाय म्हणून १९६० च्या दशकाच्या आरंभी मेंढीची फलित बीजे सशाच्या बीजवाहिनीत ठेवून इंग्लंडमधून विमानाने दक्षिण आफ्रिकेत नेण्यात आली व त्यांपासून तेथे कोकरे जन्मली.

१९७२ साली व्हिटिंगहॅम, लेबो व मेझर यांनी गोठविलेल्या भ्रूणांपासून उंदराची पिले मिळविली. त्यानंतर केंब्रिज येथे स्टीन विलाडसेन व सहकाऱ्यांनी मेंढीचे भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये साठवून त्यांपासून कोकरे मिळविली. हे संशोधन १९७४ व १९७६ साली प्रसिद्ध झाले.

कार्यपद्धती

दाता व ग्राही मेंढ्यांचे ऋतुचक्र नियमित करण्यासाठी संप्रेरकयुक्त स्पंज सुमारे १२ ते १४ दिवस योनिमार्गात ठेवतात. स्पंज काढण्याच्या सुमारास दाता मेंढीला तीन-चार दिवस संप्रेरकाची इंजेक्शने दिली जातात. त्यामुळे एक-दोन स्त्रीबीजांऐवजी अनेक स्त्रीबीजे पक्व होतात. माजावर आल्यानंतर तिचा निवडलेल्या मेंढ्याशी संयोग घडवितात किंवा तिला कृत्रिम रेतन करतात.

माजानंतर सुमारे सहाव्या किंवा सातव्या दिवशी गर्भाशयात द्रव सोडून भ्रूण धुऊन बाहेर काढले जातात. मेंढीच्या गर्भाशयाचे मुख अरुंद व वळणदार असल्याने गाईप्रमाणे हे काम योनिमार्गाने सहज करता येत नाही. त्यासाठी बहुधा शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीचा वापर करावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली तपासून केवळ सुदृढ भ्रूण निवडले जातात.

पेशींमधील पाण्याचे बर्फाचे स्फटिक झाल्यास पेशी नष्ट होतात. म्हणून भ्रूण एथिलीन ग्लायकॉलसारख्या संरक्षक द्रावणात ठेवून मंदगतीने थंड करतात, जेणेकरून पेशीतील पाणी हळूहळू बाहेर पडते. दुसऱ्या पद्धतीत अधिक तीव्र द्रावण वापरून भ्रूण क्षणार्धात थंड करतात. तेव्हा स्फटिक न होता द्रव काचेसारखा घट्ट होतो. वितळविल्यानंतर भ्रूण ज्या ग्राही मेंढीत ठेवायचा, तिचे ऋतुचक्र भ्रूणाच्या वयाशी जुळणे आवश्यक असते.

पैदाशीतील उपयोग

या पद्धतीने एका मेंढीची अनेक अपत्ये एकाच हंगामात जन्मू शकतात. ती एकाच कळपात व समान परिस्थितीत वाढल्यास त्यांची तुलना करणे सोपे जाते. गोठविलेले भ्रूण अनेक वर्षे टिकतात. ऑस्ट्रेलियात १३ वर्षे साठविलेल्या मेरिनो भ्रूणांपासून कोकरे मिळाली आहेत. त्यामुळे दुर्मीळ जातींच्या जतनासाठीही ही पद्धत उपयुक्त ठरते.

आयातीत रोगप्रसाराचा धोका कमी होणे हा आणखी एक लाभ होय. न्यूझीलंडने १९७० च्या दशकात परदेशी जातींच्या मेंढ्या माना बेटावर विलगीकरणात ठेवल्या होत्या. परंतु त्यांच्यात स्क्रेपी हा मज्जासंस्थेचा घातक रोग आढळल्याने त्या सर्व माराव्या लागल्या. बाह्यावरण अखंड असलेले भ्रूण ठरावीक पद्धतीने वारंवार धुतल्यास अनेक रोगजंतू दूर होतात. दक्षिण आफ्रिकेतील डॉर्पर जात १९९० च्या दशकात गोठविलेल्या भ्रूणांच्या रूपाने ऑस्ट्रेलियात पोहोचली. तथापि भ्रूणांच्या आयातीलाही आरोग्य तपासणीचे नियम लागू असतात.

मर्यादा

संप्रेरकांना प्रत्येक मेंढीचा प्रतिसाद भिन्न असतो. काहींपासून अनेक भ्रूण मिळतात, तर काहींपासून एकही नाही. वारंवार शस्त्रक्रिया केल्यास अवयव एकमेकांस चिकटतात. गोठविलेल्या भ्रूणांपासून गर्भधारणेचे प्रमाण ताज्या भ्रूणांपेक्षा सामान्यतः कमी असते. थोड्याच मेंढ्यांची संतती वाढविल्यास कळपात निकटसंबंधी प्रजननाचा धोकाही वाढतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही पद्धत गुण निर्माण करीत नाही, ती केवळ निवडलेले गुण वेगाने वाढविते. दाता मेंढीची निवड वंशावळ व उत्पादनाच्या नोंदींवर आधारलेली नसेल, तर सामान्य मेंढीचीच संतती मोठ्या खर्चाने वाढते. योग्य निवड झाल्यास साध्या संकरानेही सुधारणा साधता येते, हे महाराष्ट्रातील उदाहरणावरून दिसते. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीमधील फेकबी हा जनुक संकर व निवडीद्वारे दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी विकसित केली. या जनुकामुळे जुळी कोकरे होण्याचे प्रमाण वाढते.